टंचाईची वाटणी : नाशिक जिल्ह्यातील फड पद्धती ते पाणी वापर संस्था – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करताना तीर्थक्षेत्र, लेणी व स्वातंत्र्यचळवळ या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वेधले गेले आहे. त्या तुलनेत जिल्ह्याच्या कृषिजीवनाला आकार देणारी पाणी वाटपाची व्यवस्था काहीशी उपेक्षित राहिली. वास्तविक पाहता पाण्याची विषम उपलब्धता हे या जिल्ह्याचे भौगोलिक वैशिष्ट्य आहे. पश्चिमेकडील इगतपुरी परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील येवला, नांदगाव, सिन्नर हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. सातमाळ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. दक्षिणेकडील पाणी गोदावरीला, तर उत्तरेकडील पाणी गिरणेमार्गे तापीला मिळते. अशा प्रदेशात पाणी किती आहे या प्रश्नाइतकाच ते कोणी, कोणाला व कोणत्या नियमाने द्यावयाचे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) फड पद्धतीची रचना व तिच्यामागील सामाजिक तत्त्व समजून घेणे.
२) ब्रिटिशकालीन कालवा सिंचनाशी तिची तुलना करणे.
३) फड पद्धतीचा ऱ्हास व पाणी वापर संस्थांचा उदय यांतील परस्परसंबंध तपासणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, अभ्यासाचे क्षेत्र बागलाण, दिंडोरी व निफाड या तालुक्यांपुरते प्रामुख्याने मर्यादित ठेवले आहे.

फड पद्धतीची रचना :

बागलाणातील मोसम व आरम या गिरणेच्या उपनद्या आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा नदी यांच्या काठी फड पद्धती विकसित झाली. ती सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीची मानली जाते. १८६९ मध्ये स्वतंत्र नाशिक जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी बागलाण व मालेगावचा भाग खानदेशात मोडत असे. त्यामुळे ही पद्धती नाशिक आणि खानदेश यांचा समान वारसा ठरते.

नदीच्या पात्रात योग्य जागा पाहून दगडचुन्याचा बंधारा बांधला जाई. त्यातून निघालेला पाट काठाने दोन ते बारा किलोमीटरपर्यंत जाई. पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून प्रत्येक शेतापर्यंत सारंग काढलेले असत. अतिरिक्त पाणी नदीत परत सोडण्यासाठी सांडमांची सोय असे. अशा रीतीने भिजणाऱ्या क्षेत्राला ‘कायम बागायत’ म्हणत. या बागायतीचे सामान्यतः चार भाग पाडले जात. या प्रत्येक भागास ‘फड’ अशी संज्ञा होती. फडाचे क्षेत्र दहा हेक्टरपासून दोनशे हेक्टरपर्यंत असे.

एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, हा या पद्धतीचा मूळ नियम होय. एका फडात ऊस असेल, तर इतर फडांत हंगामी पिके घेतली जात किंवा एखादा फड पडीक ठेवला जाई. पुढील वर्षी पिकांची जागा बदले. कोणत्या फडात काय पेरावयाचे, याचा निर्णय एकटा शेतकरी घेत नसे. तो लाभधारकांच्या सभेत घेतला जाई. निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी गावानेच माणसे नेमलेली असत. पाटकरी पाण्याची पाळी सांभाळी, जागल्या उभ्या पिकाची राखण करी आणि हवालदार त्यांच्या कामावर देखरेख ठेवी. पाटातील गाळ काढण्याचे कामही लाभधारकांनीच करावयाचे असे.

फड पद्धतीमागील तत्त्व :

वरवर पाहता ही केवळ पिकांची फेरपालट वाटते. तथापि तिचे मर्म जमिनीच्या विभागणीत आहे. लाभधारकाची जमीन एकाच ठिकाणी सलग नसून वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे उसाच्या फडात त्याचा वाटा असे, तसाच धान्याच्या फडातही असे. फड पडीक ठेवण्याची वेळ आली, तर त्याची झळ सर्वांना पोहोचे. पाणी कमी पडलेल्या वर्षी एका शेतकऱ्याचे संपूर्ण शेत वाळले आणि शेजाऱ्याचा ऊस मात्र तरारला, असे सहसा घडत नसे. आधुनिक शेतीशास्त्र जमिनीच्या तुकडेवारीला दोष मानते. येथे मात्र तीच तुकडेवारी न्याय्य वाटपाचे साधन बनली होती. फड पद्धतीत पाण्याबरोबरच टंचाईचीही वाटणी होत असे, हे तिचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणता येईल.

या पद्धतीचे पर्यावरणीय लाभही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. ऊस एका फडात वर्षानुवर्षे न राहिल्याने जमिनीचा कस टिकून राही. पाटाचे पाणी पाळीने मिळत असल्याने आणि जादा पाण्याच्या निचऱ्याची सोय असल्याने जमीन पाणथळ व खारवट होण्याचा धोका कमी असे.

असे असले, तरी या पद्धतीचे गौरवीकरण करताना तिच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला होता. बंधारा व पाट यांच्या कामात घाम गाळणाऱ्या भूमिहीन मजुराला पाण्यात वाटा नव्हता. जमिनीची मालकी क्वचितच स्त्रीच्या नावे असल्याने निर्णयप्रक्रियेत स्त्रियांना स्थान मिळाले नाही. म्हणजेच फडातील समता ही जमीनधारकांमधील समता होती.

ब्रिटिशकालीन कालवे :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासनाने सिंचनाची कामे हाती घेतली. कादवेवरील पालखेड आणि बाणगंगेवरील ओझर येथील पाट हे नाशिक जिल्ह्यातील त्याचे प्रारंभिक नमुने होत. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने जलस्रोतांवरील शासनाचे नियंत्रण दृढ केले. दुष्काळांच्या मालिकेनंतर १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या भारतीय सिंचन आयोगाने दख्खनमधील संरक्षक सिंचनाचा पुरस्कार केला. पुढील काळात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला आणि तेथून निघालेल्या गोदावरीच्या उजव्या व डाव्या कालव्यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील कोपरगाव परिसरापर्यंत पाणी पोहोचविले. इगतपुरी तालुक्यातील दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले.

या कालव्यांचा घोषित हेतू दुष्काळापासून संरक्षण हा होता. प्रत्यक्षात पावसाच्या चांगल्या वर्षी कोरडवाहू शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे आणि पाणीपट्टीचे उत्पन्न उसावरच अवलंबून राही. त्यामुळे पाणी उसाकडे वळले. अतिपाण्याने जमिनी खारावू लागल्या. पुणे जिल्ह्यातील नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी केलेला अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध झाला होता. साचलेले पाणी हे डासांच्या पैदाशीचे ठिकाण असल्याने कालव्याकाठच्या गावांत हिवतापाचा प्रश्नही निर्माण होई. शेती, पर्यावरण व सार्वजनिक आरोग्य हे प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत, याचा हा पुरावाच होय.

या समस्येवर उपाय म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक पद्धती’ सुचविली. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांची सुरुवातीची नेमणूक नाशिक येथे होती आणि पुढे खानदेशातही त्यांनी काम केले. ब्लॉक पद्धतीत ठरावीक क्षेत्राला अनेक वर्षांसाठी पाण्याची हमी दिली जाई. त्यापैकी साधारण एक-तृतीयांश भागात ऊस व उर्वरित भागात हंगामी पिके, अशी फेरपालट अपेक्षित असे. फड पद्धतीशी असलेले हे साम्य उघड आहे. मात्र दोहोंतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. फडात नियम करणारा, तो पाळणारा आणि मोडणाऱ्याला जाब विचारणारा एकच होता, तो म्हणजे लाभधारकांचा समूह. ब्लॉकमध्ये नियम खात्याचा आणि करार एकेका शेतकऱ्याशी होता. शासनाने पिकांची फेरपालट स्वीकारली. परंतु ती टिकवून धरणारा सामूहिक अधिकार मात्र शेतकऱ्यांकडे राहिला नाही.

फड पद्धतीचा ऱ्हास :

स्वातंत्र्योत्तर काळात धरणांची कामे वेगाने झाली. नाशिकजवळील गंगापूर हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. बागलाणात मोसमवर हरणबारी व आरमवर केळझर ही धरणे झाली. धरणांमुळे पाण्याची साठवण वाढली. तथापि नदीच्या नैसर्गिक प्रवाहावर आधारलेले जुने बंधारे आता वरच्या बाजूच्या आवर्तनावर अवलंबून राहिले. दुसरीकडे विहिरी व विजेचे पंप आल्याने शेतकरी समूहापासून स्वतंत्र होऊ शकला. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला सभेची गरज उरली नाही. द्राक्ष व डाळिंब या बहुवार्षिक फळबागांनी तर फडाच्या मुळावरच घाव घातला, कारण फळबाग दरवर्षी जागा बदलू शकत नाही. फड पद्धती शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे मोडली नाही. ज्या परिस्थितीत समूहाशिवाय पाणी मिळणे अशक्य होते, ती परिस्थितीच बदलली. विहिरीतून उपसले जाणारे पाणीही अखेर सर्वांच्या भूगर्भातीलच आहे, ही जाणीव मात्र पुरेशी रुजली नाही.

वाघाड प्रकल्प व पाणी वापर संस्था :

सामूहिक व्यवस्थापनाची कल्पना याच जिल्ह्यात नव्या रूपाने पुन्हा पुढे आली. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाला असलेल्या ओझर परिसरातील शेतांपर्यंत पोहोचत नव्हते. कागदावर हे क्षेत्र लाभक्षेत्रात होते, प्रत्यक्षात कोरडे होते. अशा वेळी समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणी वापर संस्थांनी कालव्याच्या शेवटच्या भागाचे व्यवस्थापन हाती घेतले. संस्थेने शासनाकडून पाणी घनमापाने मोजून घ्यावयाचे, सभासदांत त्याचे वाटप करावयाचे आणि पाणीपट्टी स्वतः वसूल करावयाची, असे तिचे स्वरूप होते. कालव्याच्या पाण्याने ओढे-नाले व बंधारे भरून विहिरींचे पुनर्भरण करण्याचा मार्गही येथे अवलंबिला गेला. फडाला मोडणारी विहीर येथे सामूहिक व्यवस्थेचाच भाग बनली, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. कालांतराने प्रकल्पाच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा संस्था उभ्या राहिल्या व त्यांचा प्रकल्पस्तरीय संघही स्थापन झाला.

‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ या कायद्याने पाणी वापर संस्थांना वैधानिक आधार दिला. परंतु या संस्थांतही पाण्याचा हक्क जमिनीशीच निगडित राहिला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने कुटुंबातील माणशी पाणी, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला मनाई, ही तत्त्वे मांडली होती. त्या कसोटीवर नाशिकचा प्रयोग अपुरा ठरतो, हे नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष :

१) फड पद्धतीचे यश केवळ स्थापत्यात नसून, लाभ व टंचाई या दोहोंच्या सामूहिक वाटणीत होते.
२) ब्रिटिशकालीन ब्लॉक पद्धतीने पिकांची फेरपालट स्वीकारली, परंतु निर्णयाचा अधिकार खात्याकडे ठेवल्याने ती फडाइतकी समूहात रुजली नाही.
३) पाणी वापर संस्था ही फड पद्धतीची पुनरावृत्ती नव्हे, मात्र पाण्याचा नियम पाणी वापरणाऱ्यांनीच करावा, हे तत्त्व दोन्हींत समान आहे.
४) भूमिहीन व स्त्रिया यांचा पाण्यावरील हक्क हा प्रश्न जुन्या व नव्या दोन्ही व्यवस्थांत अनुत्तरित राहिला आहे.

गावापुरता असलेला हा प्रश्न आज खोऱ्याच्या पातळीवर पोहोचला आहे. तुटीच्या वर्षी नाशिक व नगर भागातील धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून वाद झाले. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये वाटपाचे निकष सुचविले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. वरच्याने आपल्या ताटातील किती द्यावे व खालच्याने किती मागावे, हा वाद नवीन नाही. मोसम व आरमच्या काठच्या शेतकऱ्यांनी आपापली शेते वेगवेगळ्या फडांत विखरून तो सोडविला होता, कारण एकाच्या उसाची व दुसऱ्याच्या बाजरीची चिंता तेथे प्रत्येकाची होती. इतक्या मोठ्या खोऱ्यात शेते विखरता येणार नाहीत. परंतु टंचाईतील वाटा सर्वांनी उचलावा, हा नियम करता येईल. त्या दृष्टीने फड पद्धतीचा इतिहास केवळ गतकाळाची नोंद न राहता आजच्या जलनीतीलाही मार्गदर्शक ठरू शकेल.