परंपरेचा निवाडा : ‘सर्वोत्तम पब’ पुरस्कार आणि शेफिल्ड शहर

१

इंग्लंडमधील बहुतेक शहरांत दरवर्षी परिसरातील सर्वोत्तम पब निवडून त्यास मानपत्र देण्याची प्रथा गेल्या काही दशकांत रूढ झालेली आहे. मानपत्र चौकटीत बसवून पबच्या भिंतीवर लावले जाते, स्थानिक वृत्तपत्रांत त्याची बातमी येते आणि काही आठवडे गिऱ्हाइकांची वर्दळ वाढते. वरवर पाहता हा स्थानिक हौसेचा भाग वाटतो. तथापि अशा पुरस्कारांमागे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा एक प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट ‘पारंपरिक’ आहे असा निवाडा कोणी द्यावयाचा? ती वस्तू निर्माण करणाऱ्याने, ती विकणाऱ्याने, की तिचा उपभोग घेणाऱ्याने? या पुरस्कारांचा इतिहास म्हणजे हा अधिकार मद्यनिर्मात्या कंपन्यांकडून सामान्य गिऱ्हाइकाने आपल्या हाती घेतल्याचा इतिहास होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी प्रथम शब्दांचा, नंतर संस्थेचा आणि शेवटी शेफिल्ड या एका शहराचा विचार केला आहे.

२

‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दाचा संक्षेप असून तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. त्यापूर्वी इंग्रजीत या प्रकारच्या जागांची तीन नावे प्रामुख्याने प्रचलित होती. वाटसरूस मुक्काम, जेवण व घोड्यांस तबेला मिळे ती ‘इन’. द्राक्षमद्य मिळे ती ‘टॅव्हर्न’. आणि केवळ एल मिळे ते ‘एलहाउस’. ही नावे जागेत काय मिळते यावरून पडलेली होती. ‘पब्लिक हाउस’ या नावात मात्र जिन्नस गौण ठरला आणि तेथे कोणास प्रवेश आहे ही गोष्ट प्रधान झाली. घर, पण सर्वांस खुले, असा त्याचा अर्थ. मराठीतील ‘गुत्ता’ या शब्दाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. ‘गुत्ता’ म्हणजे मूळात मक्ता. दारू विकण्याचा मक्ता ज्याच्याकडे, त्याच्या दुकानास पुढे तेच नाव पडले. एका भाषेने जागेचे नाव सरकारी हक्कावरून ठेवले, तर दुसरीने येणाऱ्या जनांवरून.

‘एल’ आणि ‘बिअर’ या शब्दांचा इतिहासही उद्‌बोधक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल म्हणजे हॉप न घातलेले, आंबविलेल्या सातूचे पेय होते. हॉपची फुले घालून केलेली बिअर प्रामुख्याने पंधराव्या शतकात नेदरलंड्सच्या बाजूने आली आणि आरंभी ती परकीय म्हणूनच ओळखली गेली. पुढे हॉप दोहोंत शिरले आणि मूळचा भेद लोपला. आज ज्या एलचा ‘अस्सल इंग्लिश’ म्हणून गौरव केला जातो, तिच्यात एकेकाळी परका मानलेला घटक अनिवार्य झालेला आहे, हे परंपरेचा विचार करताना विसरून चालणार नाही.

‘रिअल एल’, म्हणजे ‘अस्सल एल’, हा शब्दप्रयोग तर १९७० नंतरचा आहे. गिरण्यांचे कापड येईपर्यंत ‘हातमागाचे कापड’ असे विशेषण लावण्याची गरज नव्हती. तसेच दुसऱ्या प्रकारची बिअर सर्वत्र पसरेपर्यंत एलला ‘अस्सल’ म्हणण्याचे कारण नव्हते. अशा प्रकारचे विशेषण जन्मास येणे ही मूळ वस्तू धोक्यात आल्याची भाषिक खूण असते.

३

हा धोका कसा उत्पन्न झाला हे समजण्यासाठी पबच्या मालकीचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १८३० च्या ‘बिअरहाउस ॲक्ट’ने दोन गिनी फी भरणाऱ्या कोणाही करदात्या घरमालकास बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला आणि हजारो नवी बिअरगृहे निघाली. पुढे परवाने देण्याचे धोरण कडक झाले. परवाना असलेली जागा दुर्मिळ व म्हणून मौल्यवान झाली, आणि मोठ्या मद्यनिर्मात्यांनी पब विकत घेण्याचा सपाटा लावला. अशा पबच्या चालकास आपल्या मालक-कंपनीचीच बिअर विकावी लागे. अशा जागेस ‘टाइड हाउस’, म्हणजे बांधील पब, आणि ज्यावर असे बंधन नाही त्यास ‘फ्री हाउस’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांच्या विलीनीकरणांची लाट आली. सुमारे सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती देशातील निम्म्याहून अधिक पब आले. १९६९ साली मक्तेदारी आयोगानेही बिअरच्या पुरवठ्यावरील आपल्या अहवालात या बांधील व्यवस्थेवर टीका केली.

मालकीबरोबर पेयाचे स्वरूपही पालटले. पारंपरिक पद्धतीत बिअर पिपात भरल्यावरही तिच्यातील यीस्ट जिवंत असते. पबच्या तळघरात त्याच पिपात तिचे दुसऱ्यांदा किण्वन होते आणि ती हातपंपाने वर ओढून पेल्यात वाढली जाते. ती नेमकी केव्हा वाढण्याजोगी झाली हे ओळखणे पबचालकाचे कसब असते. उघडलेले पीप चार दिवसांत संपले नाही तर ती बिघडू लागते. याउलट ‘केग’ बिअर कारखान्यातच गाळून, तापवून निर्जंतुक केली जाई आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वाढली जाई. ती टिकाऊ व सर्वत्र एकसारखी असे, आणि तिला तळघरातील कसबाची आवश्यकता नसे. कंपन्यांच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद होता. परंतु त्यामुळे पबचालक कारागीर न राहता केवळ विक्रेता होऊन बसला.

या बदलास पहिला संघटित विरोध १९६३ साली स्थापन झालेल्या, लाकडी पिपांतील बिअरच्या संरक्षणासाठी झटणाऱ्या एका मंडळाने केला. परंतु त्याचे लक्ष पिपाच्या लाकडावर अधिक होते. १९७१ साली वायव्य इंग्लंडमधील चार तरुणांनी आयर्लंडच्या प्रवासात असताना नवी संस्था काढली. तिचे आरंभीचे नाव ‘कॅम्पेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल’ असे होते. १९७३ मध्ये ते ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ असे करण्यात आले आणि आद्याक्षरांवरून ती ‘कॅमरा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पीप लाकडाचे की धातूचे हा प्रश्न तिने बाजूस सारला. पेय पिपात जिवंत आहे की नाही एवढीच कसोटी तिने ठेवली. हा बदल लहान दिसला तरी निर्णायक होता, कारण त्यामुळे परंपरेचे लक्षण वस्तूच्या बाह्य रूपावरून प्रक्रियेकडे सरकले.

४

संस्थेने १९७४ पासून चांगल्या पबांची वार्षिक मार्गदर्शिका रीतसर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९८८ पासून राष्ट्रीय पातळीवर ‘वर्षातील सर्वोत्तम पब’ निवडण्याची प्रथा सुरू केली. निवडीची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची आहे. देशभर विखुरलेल्या स्थानिक शाखांचे सभासद आपापल्या परिसरातील पब सुचवितात व त्यांतून शाखेचा विजेता ठरतो. शाखांच्या विजेत्यांतून प्रादेशिक विजेते आणि त्यांतून अखेरच्या फेरीतील चार पब निवडले जातात. परीक्षक सभासदच असतात व हे काम विनावेतन करतात. बिअरची प्रत, वातावरण, स्वागत व सेवा, परिसरातील लोकांशी असलेले नाते आणि एकंदर ठसा या बाबींना गुण दिले जातात.

या कसोट्यांतील एक विसंगती लक्षणीय आहे. बिअरची प्रत मोजता येते, निदान तिच्याविषयी जाणत्यांत मतैक्य होऊ शकते. ‘वातावरण’ मात्र मोजता येत नाही. जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ साली ‘मून अंडर वॉटर’ या नावाच्या आदर्श पबचे वर्णन करणारा निबंध लिहिला. त्यात त्या पबचे गुण एकेक सांगून झाल्यावर असा पब अस्तित्वातच नाही हे तो उघड करतो. त्या निबंधात बिअरपेक्षा जागेच्या वातावरणासच अग्रस्थान दिलेले आहे. पुरस्काराच्या परीक्षकांपुढेही असाच एक मनातला पब असतो. प्रत्यक्षातील पब त्याच्याशी ताडून पाहिला जातो, आणि दरवर्षीच्या निवाड्यांनी तो मनातला पबही हळूहळू बदलत जातो.

५

शेफिल्डच्या उत्तरेस, डॉन नदीच्या काठी केलहॅम आयलंड हा भाग आहे. बाराव्या शतकात पाणचक्कीसाठी नदीतून काढलेल्या पाटामुळे त्यास बेटाचे रूप आले. पुढे तेथे लोखंड-पोलादाचे कारखाने उभे राहिले. १९८० च्या सुमारास पोलाद-उद्योगास उतरती कळा लागली, कामगार गेले आणि ज्या गिऱ्हाइकांवर तेथील पब जगत होते ती गिऱ्हाइकेच नाहीशी झाली. नेमक्या अशा वेळी, १९८१ साली, शेफिल्डच्या पॉलिटेक्निकमध्ये अर्थशास्त्र शिकविणाऱ्या डेव्ह विकेट यांनी तेथील एका पबला ‘फॅट कॅट’ हे नाव देऊन, कोणत्याही कंपनीस बांधील नसलेला, अस्सल एल देणारा पब म्हणून तो चालविण्यास घेतला. १९९० मध्ये त्याच्या आवारात केलहॅम आयलंड ब्रुअरी सुरू झाली. तिच्या ‘पेल रायडर’ या बिअरला २००४ साली कॅमराच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला.

याच काळात शहरातील जुने मोठे कारखाने मात्र बंद पडत होते. व्हिटब्रेड कंपनीचा एक्स्चेंज कारखाना १९९३ मध्ये, तर स्टोन्स व वॉर्ड्‌स हे दोन्ही १९९९ मध्ये बंद झाले. त्यांच्या बंद होण्यास १९८९ च्या सरकारी ‘बिअर ऑर्डर्स’ची पार्श्वभूमी होती. या आदेशांनी मोठ्या मद्यनिर्मात्यांना दोन हजारांहून अधिक असलेल्या पबांपैकी निम्मे पब बंधनमुक्त करावयास लावले. हेतू स्पर्धा वाढविण्याचा होता. परंतु पब कंपन्यांकडून सुटून ‘पबको’ म्हणविल्या जाणाऱ्या नव्या मालमत्ता-संस्थांच्या हाती गेले आणि बांधिलकीचे केवळ नाव बदलले. हे आदेश २००३ मध्ये मागे घेण्यात आले.

केलहॅम आयलंड टॅव्हर्न हा त्याच परिसरातील पब एकेकाळी ओसाड पडला होता; २००० नंतर त्याची डागडुजी करून तो पुन्हा उघडण्यात आला. जून २००७ मध्ये डॉन नदीच्या पुराने हा भाग पाण्याखाली गेला. पुढच्याच वर्षी, २००८ साली, या पबला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००९ मध्ये तो पुन्हा मिळाला. लागोपाठ दोन वर्षे हा मान मिळविणारा तो पहिला पब होय. येथे ‘पारंपरिक’ या शब्दाचा अर्थ तपासून पाहावा लागतो. इमारत जुनी होती, परंतु व्यवसाय अलीकडचा होता. अखंड चालत आलेली अशी कोणतीच परंपरा त्या जागेत नव्हती. गौरव झाला तो जुनेपणाचा नव्हे, तर एका कसबाच्या पुनःप्रतिष्ठेचा. यॉर्कशरच्याच हडस्वेल गावातील ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ हा पबही २००८ साली बंद पडला होता. गावकऱ्यांनी भागभांडवल जमवून तो विकत घेतला व २०१० मध्ये उघडला, आणि २०१६ चा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला.

६

परंपरेचा असा गौरव करताना तिची दुसरी बाजू दृष्टीआड करणे इतिहासकारास परवडणारे नाही. ‘सर्वांस खुले घर’ हे नाव व्यवहारात कधीच पूर्णतः खरे नव्हते. बोल्टन शहराची पाहणी करून ‘मास ऑब्झर्व्हेशन’ने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द पब अँड द पीपल’ या ग्रंथात, पबच्या कोणत्या खोलीत कोणी बसावयाचे याचे अलिखित नियम नोंदलेले आहेत. ‘व्हॉल्ट’ नावाच्या खोलीत स्त्रियांस स्थान नव्हते. युद्धोत्तर काळात भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीजमधून आलेल्या कामगारांस अनेक पबांत प्रवेश नाकारला जाई, किंवा वेगळ्या खोलीत बसावे लागे. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक येथे इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध लढा दिला. तिच्या निमंत्रणावरून माल्कम एक्स यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये त्या गावास भेट दिली. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागांतील असा भेदभाव बेकायदा ठरविला. पुढे त्या परिसरातील कित्येक पब भारतीय वंशाच्या, प्रामुख्याने पंजाबी, चालकांनी घेतले. ते ‘देसी पब’ म्हणून ओळखले जातात. महाराष्ट्रात ‘देशी’ हे विशेषण दारूस लागले की हलकेपणाचा भाव येतो. तेथे मात्र तोच शब्द आपलेपणाचा आणि कष्टाने मिळविलेल्या प्रवेशाचा वाचक झाला आहे.

यावरून पुरस्काराच्या गुणपत्रिकेतील ‘स्वागत’ या कसोटीचे महत्त्व कळून येते. जुन्या पबची हुबेहूब प्रत हेच ध्येय असते, तर व्हॉल्ट आणि वर्णभेद हेही त्या परंपरेचेच भाग मानावे लागले असते. पुरस्कार देणाऱ्यांनी तसे मानलेले नाही. परंपरेतून काय घ्यावयाचे व काय टाकावयाचे याची निवड प्रत्येक निवाड्यात होत असते.

७

पुरस्कारांच्या सामर्थ्यास मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांवर पब होते. २०२३ पर्यंत ही संख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास उतरली. कर, जागेची वाढती किंमत, घरी मद्य पिण्याची वाढलेली सवय आणि २०२० नंतरची टाळेबंदी यांपुढे मानपत्राचा उपाय चालत नाही. शेफिल्डमधील केलहॅम आयलंड ब्रुअरीसही राष्ट्रीय मान मिळूनही २०२२ मध्ये आपले काम थांबवावे लागले. जुन्या कारखान्यांच्या जागी आता निवासी सदनिका उभ्या राहिल्या असून, परिसराची पत वाढविण्यास पबांनी हातभार लावला, त्याच पतीमुळे तेथील जागा महाग झाल्या. पबला खरे संरक्षण मिळते ते कायद्याने. २०११ च्या ‘लोकलिझम ॲक्ट’ने पबची ‘समाजोपयोगी मत्ता’ म्हणून नोंद करण्याचा मार्ग खुला झाला आणि २०१७ पासून इंग्लंडमध्ये नियोजन-परवानगीवाचून पब पाडण्यास किंवा त्याचा वापर बदलण्यास प्रतिबंध झाला.

तथापि ही मत्ता समाजोपयोगी आहे असे सिद्ध करावयाचे झाल्यास साक्ष लागते, आणि स्थानिक पुरस्कार हीच ती साक्ष असते. काही थोड्या सभासदांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकेका पबात जाऊन, पेला हातात घेऊन, गुणांची नोंद केलेली असते. त्या नोंदींतून एका शहराचे स्वतःविषयीचे मत आकार घेते. परंपरा ही वाडवडिलांकडून आयती हाती येणारी ठेव आहे असे सामान्यतः समजले जाते. शेफिल्डचे उदाहरण असे दाखविते की ती दरवर्षी नव्याने निवडावी लागते आणि ती निवड कोण करतो यावर तिचे स्वरूप अवलंबून असते. पन्नास वर्षांपूर्वी ती निवड कंपन्यांच्या कचेऱ्यांत होत होती. आज तिचा निदान काही भाग पबच्या फळीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आलेला आहे, आणि यातच या पुरस्कारांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.