रक्ताची आठवण

गणपती विसर्जन झाले की आपल्या कॉव्हेंट्रीतल्या घराघरांत भारताच्या तिकिटांची चर्चा सुरू होते. मुलांच्या सुट्ट्या, कोणाचे लग्न, कोणाची मुंज, बॅगेत किती किलो चालतील, वगैरे वगैरे. अशाच एका गप्पांत मी सहज विचारले, "मलेरियाच्या गोळ्यांचं काय ते फार्मासिस्टला विचारलंत का?" तर एक वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, आम्ही तिथलंच पाणी पिऊन वाढलो. तिथले डास आम्हाला काय करणार!"

मी त्यांना हसले नाही, कारण अनेक वर्षे मीही हेच म्हणत असे. माझे मत बदलले ते रक्तदानामुळे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी रक्त द्यायला गेले होते. मलेरियाच्या प्रदेशात सलग सहा महिने किंवा अधिक राहिलेल्या माणसाचे रक्त इथे तसेच घेत नाहीत. आधी त्यात मलेरियाच्या अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, आहेत का ते तपासतात. माझ्या रक्तात ती नक्की सापडणार अशी माझी खात्री होती. लहानपणी मला हिवताप एकदा नव्हे, चार-पाच वेळा तरी झाला होता. पण चाचणीत काहीच आढळले नाही. "छान, तुम्ही रक्त देऊ शकता," नर्स म्हणाली. मी दिलेही. पण घरी येताना मनात आले, की जे माझ्या अंगात मुरले आहे असे मी समजत होते, ते गेले कुठे? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते आज तुम्हाला सांगते.

माझे बालपण जुन्या चांदा जिल्ह्यात, अहेरीच्या बाजूला गेले. हा भाग १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. वडील शिक्षक होते, नागपूरहून बदली होऊन आलेले. आम्हा 'बाहेरच्या' लोकांना पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत हुडहुडी भरून असा ताप येई की चार गोधड्या कमी पडत. मलेरिया खात्याचा माणूस येऊन बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेई आणि भिंतीवर तारीख लिहून जाई. जंगलातली मोठी माडिया माणसे मात्र त्याच डासांत राहून कामाला जाताना दिसत. मोठी माणसे म्हणजे काटक, असा आमचा समज. त्यांची लहान मुले तापाने दगावतात हेही आम्ही ऐकत होतो, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

गंमत म्हणजे असाच अनुभव इंग्लंडच्याच इतिहासात सापडतो. आपण राहतो त्या देशात एके काळी हिवताप होता हे आपल्याला खरे वाटत नाही. पण एसेक्स आणि केंटच्या दलदलीत आणि फेन्सच्या पाणथळ भागात 'एग्यू' नावाचा थंडीताप घरोघरी असे. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डीफो १७२४ ते १७२७ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात एसेक्सच्या दलदलीतली एक हकिकत सांगतो. तिथले पुरुष म्हणे पाच-सहापासून चौदा-पंधरापर्यंत लग्ने केलेले भेटत, आणि एक शेतकरी तर पंचविसाव्या बायकोबरोबर राहत होता. कारण असे, की दलदलीत जन्मलेले पुरुष त्या हवेला सरावलेले असत. पण ते बायका करून आणत त्या उंचावरच्या कोरड्या गावांतून. त्या बिचाऱ्या दलदलीत आल्या की तापाने फणफणत आणि वर्षभरात जात. आकड्यांत अतिशयोक्ती असावी अशी शंका खुद्द डीफोलाही आली होती. पण स्थानिक माणूस तगतो आणि नवखा पडतो, हे निरीक्षण मात्र खरे होते.

ते शास्त्रीय रीतीने मांडले रॉबर्ट कॉख यांनी. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कॉख जावा आणि न्यू गिनीला गेले. तिथे गावोगावच्या लोकांचे रक्त तपासताना त्यांना दिसले, की मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर, आणि वय वाढेल तसे ते कमी होत जातात. म्हणजे ही प्रतिकारशक्ती जन्मजात नव्हे. ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा आजारी पडून कमवावी लागते.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मलेरियाचा अभ्यास करून १९११ साली अहवाल दिला. त्याआधी क्रिस्तोफर्स यांच्याबरोबर डुआर्सच्या चहामळ्यांत काम करताना त्यांनी पाहिले होते, की दूरदूरहून आणलेले, तापाला न सरावलेले मजूर एका ठिकाणी गोळा झाले की हिवताप भडकतो. त्या काळी मुंबईतही गिरण्या आणि गोद्या वाढत होत्या. अलेक्झांड्रा डॉकचे, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकचे, काम चालू होते आणि बाहेरगावचे मजूर शहरात येतच होते. प्रतिपिंडे मोजायचे साधन तेव्हा नव्हते, म्हणून शाळेतल्या मुलांचे पोट चाचपून पानथरी वाढली आहे का ते पाहत. शंभरातल्या किती मुलांची पानथरी वाढलेली, यावरून त्या वस्तीचा हिवताप ठरे. बेंटलींना खरा अपराधी सापडला तो घराघरांतल्या विहिरींत वाढणारा स्टीफेन्सी जातीचा डास. विहिरी बुजवा किंवा झाका, असे त्यांनी सांगितले. विहिरीच्या पाण्याशी धर्म जोडलेला, त्यामुळे विरोधही झाला. असो.

तरी मुख्य प्रश्न तसाच होता. सरावलेल्या माणसाच्या अंगात नेमके असते काय? त्याचे उत्तर १९६१ साली मिळाले, आफ्रिकेतल्या छोट्याशा गॅम्बिया देशात. तिथे वर्षानुवर्षे काम करणारे इयन मॅकग्रेगर, लंडनचे सिडनी कोहेन आणि कॅरिंग्टन यांनी मलेरियातून तगलेल्या प्रौढ गॅम्बियन माणसांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा भाग, वेगळा काढला. तो त्यांनी मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. मलेरिया कधीच न झालेल्या लोकांच्या, म्हणजे आपल्या इथल्या शेजाऱ्यांसारख्यांच्या, रक्तातल्या गॅमा ग्लोब्युलिनने मात्र काही फरक पडला नाही. प्रौढांच्या अंगातले संरक्षण प्रतिपिंडांत होते आणि ते एकाकडून दुसऱ्याला देता येत होते. आई हेच काम निसर्गतः करते. तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने बाळाला राखतात. ती ओसरली की बाळाचा स्वतःचा झगडा सुरू होतो.

हा झगडा इतका लांबतो याचे कारण फाल्सिपेरम जातीचा परजीवी अस्सल बहुरूपी आहे. तो आपल्या तांबड्या पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन आणून ठेवतो. त्याच्या चिकटपणामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते आणि पानथरीत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. मेंदूतल्या वाहिन्यांत अशा पेशी तुंबल्या की मेंदूचा मलेरिया होतो. या प्रथिनाची सुमारे ६० सोंगे परजीवीजवळ तयार असतात. एकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की तो दुसरे काढतो. यांतली काही सोंगे जास्त घातक. थोड्याच आजारपणांनंतर मूल या घातक सोंगांना ओळखू लागते आणि जीवघेण्या आजारापासून बरेचसे सुटते. साध्या तापापासून सुटायला मात्र अनेक वर्षे लागतात, आणि परजीवी अंगात शिरूच नये इतके संरक्षण सहसा कधीच येत नाही. म्हणूनच गडचिरोलीच्या गावांत तपासणी केली, तेव्हा ताप नसलेल्या माणसांच्या रक्तातही परजीवी सापडले.

प्रतिपिंडे नेहमी मित्रच असतात असेही नाही. वारंवार मलेरिया झालेल्या काही लोकांत ती बेसुमार तयार होतात आणि पानथरी प्रचंड सुजते. नायजेरियात, मलेरियाच्या दुसऱ्या एका जातीत, प्रतिपिंडे आणि परजीवीचे अंश एकत्र होऊन मुलांच्या मूत्रपिंडात साचलेले दिसले आहेत.

आता एक घरगुती गोष्ट सांगते. माझ्या आधी माझ्या आईचे एक बाळ गेले. आई नागपूरची, लग्न होऊन अहेरीला आलेली. पहिल्या गरोदरपणात तिला दोनदा थंडी वाजून ताप आला आणि सातव्या महिन्यात मृत बाळ जन्मले. नातेवाइकांत कुजबूज झाली. कोणी म्हणे नदीवर अवेळी गेली, कोणी म्हणे उपास मोडला. पुढे आम्ही तीन भावंडे झालो, पण आईने ते बोल शेवटपर्यंत मनातून काढले नाहीत.

१९९६ आणि १९९८ साली मिशल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांचे केनियातले संशोधन प्रसिद्ध झाले. परजीवीचे एक खास सोंग फक्त वारेला चिकटते. स्त्री पहिल्यांदा गरोदर राहीपर्यंत तिच्या शरीराने ते पाहिलेले नसते, म्हणून जुन्या आजारपणांतली प्रतिपिंडे तिथे उपयोगी पडत नाहीत. पुढच्या गरोदरपणांत ती तयार होतात आणि पुढची बाळे अधिक सुरक्षित राहतात. तेव्हा आईचे रक्त कोणी तपासले नव्हते, त्यामुळे बाळ मलेरियानेच गेले असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण दोष नदीचा नव्हता आणि उपासाचा नव्हता, आणि आईचा तर नक्कीच नव्हता. हे मला समजले तेव्हा ती हयात नव्हती.

या साऱ्याचे तात्पर्य मला असे दिसते. 'तिथलेच' असण्याची ही प्रतिकारशक्ती फुकट मिळत नाही. गाव ती मुलांचे जीव देऊन विकत घेते. मोठी माडिया माणसे काटक होती, कारण जी तगली नाहीत ती मोठी झालीच नाहीत. १९७३ पासून हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे यांनी अशा किती मुलांना वाचवले असेल! तरी २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे गेली, आणि आफ्रिकेत त्यांतली चारांतली तीन पाच वर्षांखालची मुले होती.

ही किंमत न देता संरक्षण मिळावे म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांत आपल्या माणसांचा आणि गावांचा सहभाग आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये डॉ. शोभना शर्मा यांच्या गटाने ओडिशातल्या सरावलेल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडे वापरून, ती परजीवीच्या कोणत्या प्रथिनांना ओळखतात ते शोधले. त्यांतल्या 'पी-झिरो' या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे परजीवीची वाढ रोखतात, हे त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पहिल्या मलेरिया लशीची शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरीची. ही दुसरी 'आर-ट्वेंटीवन' ऑक्सफर्डला तयार झाली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जुलै २०२४ पासून आफ्रिकेतल्या बाळांना ती मिळू लागली आहे. डासाने सोडलेला परजीवी यकृतात पोचण्याआधीच त्याला गाठतील अशी प्रतिपिंडे ती तयार करते. तीही वर्षभरात ओसरू लागतात, म्हणून पुढचा डोस द्यावा लागतो. मालीमध्ये तर प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंड प्रौढांना थेट टोचून पाहिले. मोठ्या डोसाने सहा महिन्यांत सुमारे ८८ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२२ साली जाहीर झाले. गॅम्बियाच्या १९६१ च्या प्रयोगाचेच हे पुढचे पाऊल.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. प्रतिपिंडे अंगात टिकतात ती परजीवीशी पुन्हा पुन्हा गाठ पडते म्हणून. गाठ पडणे थांबले की ती घटत जातात. थोडी आठवण शरीरात राहते. ब्रिटनमधल्या १९८७ ते २००६ या काळातल्या फाल्सिपेरमच्या २५,०५४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतले १८४ दगावले. आफ्रिकेतल्या मलेरियाच्या देशांत जन्मलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ०.४ टक्के होते आणि इतरांत २.४ टक्के. त्यात लवकर उपचार घेण्याचाही भाग असू शकतो. पण त्या आकड्यावर आपण विसंबू नये. मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी तेवढा मलेरिया कधी भोगलेलाच नाही, आणि कॉव्हेंट्रीत जन्मलेल्या आपल्या मुलानातवंडांची पाटी तर पूर्ण कोरी. इथे बाहेरून येणाऱ्या मलेरियाचे बहुतेक रुग्ण पर्यटक नसतात. आपल्यासारखे, नातेवाइकांना भेटायला गेलेलेच असतात. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून २०२३ साली बाहेरून आलेल्या मलेरियाचे एकूण २,००४ रुग्ण नोंदले गेले.

म्हणून निघण्याआधी तुम्ही जाणार त्या जिल्ह्याचे नाव सांगून जीपीला किंवा फार्मासिस्टला विचारा. संध्याकाळी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डासांचे मलम लावा, मच्छरदाणी लावा. घरात कोणी गरोदर असेल तर दुप्पट काळजी घ्या. आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर फ्लू समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही भारतात जाऊन आलो आहोत, आणि त्याच दिवशी रक्त तपासायला लावा. आपल्याकडे आढळणारा व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतो आणि मग वर येतो, हे लक्षात असू द्या.

गावाची भाषा, सणवार, आजीच्या हातची चव, हे सारे आपण इथे जपून ठेवले आहे. रक्ताला मात्र ते जमलेले नाही. त्याच्या वतीने आपणच लक्षात ठेवू या.