आमच्या माळवदावरचं भोगवर्धन

भोकरदनचं आमचं जुनं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चांगली हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पण माळवदाची एक मागणी असायची. मृग लागायच्या आत दरवर्षी नवी माती. ती घालायची, भिजवून तुडवायची, उतार धरून चोपायची. आळस केला, तर आषाढात घरभर पातेली मांडून बसायचं.

ही माती आबा बैलगाडीतून आणायचे, गावाच्या पांढरीतून. आजी ती चाळायला बसली की चाळणीत खापरं उरायची, बांगड्यांचे तुकडे उरायचे आणि अधूनमधून मणी. लाल, मधाच्या रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे, क्वचित एखादा निळ्या काचेचा. खापरं उकिरड्यावर जायची, मणी आजी दोऱ्यात ओवायची. अशी एक माळ माझ्या गळ्यात होती. दुसरी आमच्या कालवडीच्या.

संध्याकाळी ऊन उतरलं की मी त्याच माळवदावर पडून वाचायचे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि वाचनालयात मिळतील ती जुनी, पानं सुटलेली साहसाची पुस्तकं. जंगलात गडप झालेली नगरं, वाळूखाली गेलेले राजवाडे, जगाला माहीत नसलेल्या दऱ्या. मला वाटायचं, मोठी झाले की असं एखादं शहर आपण शोधून काढायचं. त्यासाठी आफ्रिकेत जावं लागलं असतं आणि आमच्याकडून तर औरंगाबादची एसटीही वेळेवर मिळायची नाही.

आपण ज्यावर पाठ टेकून पडलोय ती एका हरवलेल्या शहराचीच माती आहे, हे मला खूप उशिरा कळलं.

गोष्टीचा साचा

हरवलेल्या शहरांच्या गोष्टींना एक ठरलेला साचा आहे. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. १८३४ साली एडवर्ड बुलवर-लिटनची ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’ आली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं रोमन शहर तिच्यामुळे घराघरांत पोचलं. १८८५ मध्ये रायडर हॅगार्डची ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ आली, १९१२ मध्ये कॉनन डॉयलची ‘द लॉस्ट वर्ल्ड’.

बहुतेक गोष्टींमध्ये जुना नकाशा असतो. परका माणूस असतो, शूर आणि शिकलेला. वाट दाखवायला स्थानिक माणूस असतो, तो एका ठरावीक जागी घाबरून थांबतो. पुढे परका एकटा जातो आणि शहर ‘शोधतो’. स्थानिकाला ते आधीपासून ठाऊक होतं याची नोंद कुठेच होत नाही.

हा साचा खऱ्या इतिहासातही घुसतो. आमच्यापासून फार लांब नसलेल्या अजिंठ्याची गोष्ट आपण कशी सांगतो? २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ शिकारीला गेला आणि त्याला दरीपलीकडे लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली, ती अजून वाचता येते. ‘जगाला अजिंठा सापडला’ असं आपण शाळेत शिकतो. पण त्या दरीच्या माथ्यावर एक गाव आहे, त्याचं नाव लेणापूर. लेणी कुणाला ठाऊकच नसती, तर गावाचं नाव लेणापूर कसं पडलं असतं?

पॉम्पेईतली बाई

आता त्याच पॉम्पेईत जाऊ, बुलवर-लिटनच्या कादंबरीनंतर शंभर वर्षांनी. १९३८ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना तिथल्या एका घरात एक छोटी हस्तिदंती मूर्ती सापडली. उंची साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. उभी बाई, अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, हातापायांत भरगच्च कडी, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. रोमन शहरात सापडलेली ही बाई रोमन नव्हती, भारतीय होती.

मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव चिकटलं. पुढे अनेकांनी ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं म्हटलं. तिच्या डोक्यातून खाली एक उभं भोक पाडलेलं आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय, असे तर्क झाले. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, कामुक वस्तूंसाठी राखलेल्या ‘गुप्त दालनात’ आहे.

ती पॉम्पेईत ७९ सालच्या आत पोचली होती एवढं नक्की, कारण त्या साली शहर गाडलं गेलं. पण ती निघाली कुठून? आधी मथुरेचं नाव पुढे आलं. नंतर तशाच हस्तिदंती बाया महाराष्ट्रात मिळाल्या. एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. आणि एक आमच्या भोकरदनला.

दुष्काळानंतरचं वर्ष

१९७२ चा दुष्काळ आमच्याकडे अजून ‘बहात्तर’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. आबांनी तेव्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्याच्या पुढच्याच वर्षी गावात वेगळीच माणसं आली. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते या दोघांनी ते चालवलं आणि १९७४ मध्ये त्याचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला. आबा हसून सांगायचे, “आम्ही वर्षभर कुदळीनं दगड फोडला आन् ह्ये लोक कुंचल्यानं माती झाडीत बसले. आम्हाला वाटलं, सरकारनं शिकल्यासवरल्यायसाठीबी दुष्काळी काम काढलं.”

त्या कुंचल्यांखालून सातवाहन काळातलं एक भरलेलं गाव वर आलं. मणी तर ढिगाने. अकीक, कार्नेलियन, काच, शंख. सोबत ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिच्या दागिन्यांची घडण आणि उभं राहण्याची ढब पॉम्पेईच्या बाईशी जुळते.

या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. मार्कंडेय पुराणात दक्षिणेतल्या लोकांच्या यादीत अश्मकांच्या शेजारी भोगवर्धन येतात. पण मला जास्त आवडतो तो सांचीचा पुरावा. सांचीच्या स्तूपाला दगड दान करणाऱ्या लोकांनी आपापली नावं आणि गावं कोरून ठेवली आहेत. त्यांत ‘भोगवढन’च्या माणसांची नावं आहेत. आमच्या गावाहून कुणीतरी अजिंठ्याचा घाट उतरून, तापी आणि नर्मदा ओलांडून तिथे दान देत होतं. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एकात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचं दान नोंदवलं आहे, दुसऱ्यात कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचं लिहिलं आहे. म्हणजे सातवाहनांची माणसं, हस्तिदंताचे कारागीर आणि भोगवर्धनचे भाविक एकाच ठिकाणी भेटतात.

आणि माल पुढे कसा जात होता? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण आहे. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ही दक्षिणेतली मोठी बाजारगावं म्हणून येतात. तिथला माल गाड्यांमध्ये भरून, खडतर रस्त्यांनी भडोचच्या बंदरात जात असे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचंही त्यात आहे. भोगवर्धन पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरचं.

मग पॉम्पेईची बाई आमचीच का? इथे छाती फुगवायचा मोह होतो, पण एक अडचण आहे. तिच्या बैठकीवर एक अक्षर कोरलेलं आहे आणि ते खरोष्ठी लिपीत आहे. खरोष्ठी वायव्येकडची, गांधाराकडची. त्यामुळे ती घडली दख्खनमध्ये आणि जोडली गेली वायव्येत, की तिचा सगळा प्रवासच वेगळा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो वाद निव्वळ तिच्या चेहऱ्याकडे पाहून सुटणार नाही. सुटला तर मातीमुळे सुटेल.

काळी आणि पांढरी

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी. मातीच्या भिंती पावसात खचतात, त्यांवर नवं घर उभं राहतं, तेही कधीतरी पडतं. त्यात चुलीची राख मिसळते, शेण, हाडं, खापरं मिसळतात. शेकडो वर्षांनी त्या जागी राखाडी-पांढरट टेकाड तयार होतं. महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ जुनी वस्ती शोधायला निघाले की गावकऱ्यांना आधी हेच विचारतात, “पांढरी कुठं आहे?” कादंबरीतल्या जुन्या नकाशाचं काम आमच्या भाषेतला एक शब्द करतो.

पण ज्या राखेने आणि शेणाने पांढरी तयार होते, त्यामुळेच ती खत म्हणूनही उत्तम. म्हणून गावोगावची टेकाडं गाड्या भरभरून शेतात गेली. उरलेली माळवदांवर गेली. बैलगाडी होती तोवर हे हळू चालायचं. आता जेसीबी एका दिवसात हजार वर्षं उचलतो.

याचं नुकसान काय, हे मला आजीच्या माळेने शिकवलं. कॉलेजात असताना ती माळ घेऊन मी पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका सरांकडे गेले. त्यांनी भिंगाखाली एक लाल मणी धरला. म्हणाले, “कार्नेलियन. दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणलंय, बघ.” मी खूश. मग त्यांनी विचारलं, “कुठं मिळाला?”

“भोकरदनला.”

“भोकरदनला कुठं? कुठल्या थरात? सोबत काय होतं?”

मी म्हटलं, “आमच्या माळवदावर होता.”

ते चिडले नाहीत. माळ त्यांनी हळूच माझ्या हातात परत दिली. त्याच्या थरात असता तर त्या मण्याने पुष्कळ सांगितलं असतं. तो कधीचा, शेजारी चूल होती की भट्टी, तो इथे घडला की बाहेरून आला. आता तो फक्त एक सुंदर मणी होता. आबांनी गाडी भरली तेव्हाच त्याची साक्ष संपली होती.

आबांना दोष द्यावा का? मला तसं वाटत नाही. त्यांना घर गळू द्यायचं नव्हतं. शिकलेल्यांनी याहून वाईट केलं आहे. आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी अवशेषांविषयी गोऱ्यांची ठाम समजूत होती की एवढं बांधकाम आफ्रिकी माणसांचं असूच शकत नाही. ते सॉलोमनच्या काळातल्या परक्यांचं असणार. हॅगार्डच्या गोष्टींसारखीच ही कल्पना. १९०२ ते १९०४ या काळात रिचर्ड हॉल नावाच्या अधिकाऱ्याने तिथली कित्येक फूट माती खणून फेकून दिली. ती त्याला स्थानिकांनी केलेली घाण वाटली. खरं शहर खाली असेल असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात ते शहर ज्यांनी बांधलं, त्यांचाच इतिहास त्या मातीत होता. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उरलेल्या थरांवरून दाखवून दिलं की बांधणारे आफ्रिकीच होते. उरलेल्या थरांवरून, हे महत्त्वाचं.

हॉलने परक्यांची गोष्ट खरी करायला माती फेकली. आम्ही आमची माती फेकली, कारण आमची गोष्ट कुणी आम्हाला सांगितलीच नव्हती. मी वाचलेली सगळी हरवलेली शहरं दूर होती आणि त्यांत कुणी राहत नव्हतं. भोगवर्धनवर माणसं राहतात, चहा पितात, मुलांना शाळेत सोडतात. ‘हरवलेलं’ म्हणायची तरी सोय कुठे आहे?

पाकिटावर काय लिहायचं

तुमच्या गावात पांढरी असेलच. पाया खणताना, विहीर काढताना काही दिसलं, तर ते उपसू नका. खिशातला फोन काढा, जागेवरच फोटो घ्या, लोकेशन चालू ठेवून, आणि शेजारी मापासाठी पट्टी नाहीतर पेन ठेवा. मग तहसीलमध्ये किंवा पुरातत्त्व खात्यात कळवा. १८७८ पासून आपल्याकडे निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत मिळालेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्या सरांचे तीन प्रश्न लक्षात ठेवा.

गेल्या उन्हाळ्यात आमचं जुनं घर पाडलं. तिथे आता स्लॅबचं घर होतंय. आबा आणि आजी दोघंही नाहीत. माळवदाची माती अंगणात उतरली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, “ताई, भर म्हणून पायात टाकू का?” मी त्याला तीन दिवस थांबवलं. चुलतभावाला घेऊन सगळी माती आजीच्याच चाळणीने चाळली. सत्तावीस मणी निघाले, शंखाच्या बांगडीचे चार तुकडे आणि एक फुटकं मातीचं खेळणं, बहुतेक बैल.

सगळं कागदी पाकिटात भरलं. वर तारीख घातली. जागेपुढे लिहिलं, भोकरदन. थरापुढे पेन बराच वेळ थांबलं. मग जे खरं होतं तेच लिहिलं: ‘आमचं माळवद. माती आबांनी पांढरीतून आणली. किती खोलून, कुठल्या बाजूने, हे विचारायचं राहून गेलं.’