तळटीप : याकुत्स्कची गोठलेली जमीन

* ‘बारमाही गोठलेली जमीन’ : बारा महिने बर्फाखाली असलेली जमीन, असा अर्थ येथे घेऊ नये. सलग किमान दोन वर्षे जिचे तापमान शून्य अंशाच्या वर जात नाही ती जमीन पर्माफ्रॉस्ट. मग ती माती असो की खडक. ती किती खोल असावी? याकुत्स्कला एका व्यापारी कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटरांवर गेली. पाणी सोडाच, गोठलेल्या थराचा तळही लागला नाही. पुढे १८४० च्या दशकात निसर्गशास्त्रज्ञ मिडेनडॉर्फ यांनी विहिरीच्या भिंतींत तापमापक बसवून खोलीगणिक तापमान मोजले, तेवढाच त्या खटाटोपाचा उपयोग.

उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा वितळतो, आणि झाडझाडोऱ्याचा सगळा संसार त्यातच. पाऊस बेताचा असूनही पाणी खाली मुरत नाही, म्हणून दलदल आणि डासांचे थवे. सूचिपर्णी वृक्ष सदाहरित, हे शाळेतले विधान इथल्या लार्चला लावू नये : शरदात त्याच्या सुया पिवळ्या पडून गळतात. मुळे आडवी पसरतात. खालचे बर्फ वितळून जमीन खचली की झाडे दारुड्यासारखी कलतात.

खांबांवरची घरे लेखकाला पुराच्या भीतीने बांधलेली वाटली. खरे कारण उलटे आहे : घराची ऊब जमिनीला लागू नये.