निकटसेवा शोध (पीअर-टू-पीअर जाळे)

निकटसेवा शोध ही मध्यवर्ती सर्व्हरच्या मदतीशिवाय जवळच्या संगणकावरील सेवा शोधण्याची पद्धत होय. छपाई, फाइलसाठा, संदेशवहन इत्यादी सेवा अशा प्रकारे शोधता येतात.

स्थानिक जाळे

एकाच स्थानिक जाळ्यासाठी एमडीएनएस व डीएनएस-एसडी ही मानके (२०१३) वापरली जातात. शोधणारे उपकरण २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर प्रश्न पाठवते आणि सेवा देणारे उपकरण स्वतः उत्तर देते. त्यामुळे इंटरनेट खंडित असतानाही शोध चालतो. मात्र हे प्रश्न सहसा राउटरपलीकडे जात नाहीत.

विस्तृत जाळे

ग्नुटेलामध्ये (२०००) प्रश्न एका नोडकडून अनेक नोडांकडे पसरत असे. नोड वाढताच संदेशांचा भारही वाढे. कॉर्ड (२००१) व कॅडेमलिया (२००२) या वितरित हॅश सारण्यांनी हा भार घटवला. दहा लाख नोडांच्या जाळ्यातही शोध साधारण २० टप्प्यांत पूर्ण होतो.

निकटतेचा प्रश्न

या सारण्यांतील अंतर क्रमांकांमधील असते, भौगोलिक नव्हे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संगणकावरील सेवेची नोंद दुसऱ्या खंडातील नोडवर साठवली जाऊ शकते. तो दुवा तुटल्यास शेजारची सेवाही सापडत नाही. यावर उपाय म्हणून पेस्ट्री (२००१) मार्गसारणीत शक्यतो जवळचे नोड निवडते, तर विवाल्डी (२००४) संदेशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून नोडांना निर्देशक देते. तथापि, दोन शेजाऱ्यांच्या सेवादात्यांची वाहतूक मुंबईत एकमेकांना मिळत असेल, तर जाळ्याच्या दृष्टीने ते शेजारी ठरत नाहीत.