दोन घरांची भ्रामरी

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळी डोकावलं, तर सतरंज्या अंथरून बसलेल्या दहा-बारा जणांच्या भ्रामरीचा गुंजारव कानी पडतो. आयटीतल्या नोकरीपायी पुण्याहून, नागपूरहून, सोलापूरहून इकडे आलेली मराठी मंडळी त्यात हमखास असतात. शिकवणारे बहुतेक जण सांगतात, की हा प्राणायाम वेदकाळापासून असाच चालत आला आहे. प्राणायाम जुना आहे, हे खरंच. पण भ्रामरी त्या मानानं बरीच अलीकडची. आणि आज आपण करतो ती भ्रामरी एका घरातून आलेलीच नाही. दोन निराळ्या साधनांची सोयरीक होऊन ती जन्मली आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायामाचं लक्षण आहे, भ्रामरी नाही. नाथपंथाच्या गोरक्षशतकात सूर्यभेदन, उज्जायी, शीतली आणि भस्त्रिका हे चारच कुंभक, म्हणजे श्वास रोखून करायचे प्राणायाम, येतात. तिथंही ती नाही. तिचं नाव ठळकपणे दिसतं ते स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत, म्हणजे साधारण पंधराव्या शतकाच्या मध्यावर. जुन्या चारांत आणखी चारांची भर पडून तिथं आठ कुंभक होतात, आणि या नव्यांमध्ये भ्रामरी आहे.

स्वात्माराम तिला एकच श्लोक देतात. श्वास वेगानं, भुंग्यासारखा आवाज करत आत घ्यायचा आणि भुंगीसारखा आवाज करत अगदी सावकाश सोडायचा. अशा अभ्यासानं योग्यांच्या चित्तात आनंद उपजतो. बस्स. कान बंद करण्याचा उल्लेख नाही, झोपेचा नाही, डोकेदुखीचा तर नाहीच. श्वास रोखण्याचंही काही सांगितलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातले टीकाकार ब्रह्मानंद आपल्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत याचा खुलासा करतात: ही कुंभकांपैकीच एक असल्यामुळे रोखणं त्यात आलंच, जे निराळं आहे तेवढंच श्लोकात सांगितलं.

यातला पहिला अर्धा भाग आता बहुतेक वर्गांतून गळून पडला आहे. श्वास घेतानाचा आवाज. कंठ किंचित आवळून, घोरण्याच्या जवळ जाणारा जाडसर नाद काढत हवा आत ओढायची. करून पाहिलं तर पहिल्या दोन-तीन वेळा घशात खवखवतं आणि ठसका लागतो. तो भाग का गळला असेल, याचं मला तेवढंच कारण पुरेसं वाटतं.

दुसरं घर घेरंडसंहितेचं. घेरंड आणि चंडकापालि यांच्या संवादातून उलगडणारा हा ग्रंथ सतराव्या-अठराव्या शतकातला मानला जातो. त्याच्या पाचव्या अध्यायातली भ्रामरी वाचून आजचा साधक चक्रावेल, कारण त्यात गुणगुणणं नाहीच. अर्धी रात्र उलटल्यावर, प्राण्याचा आवाजही पोहोचणार नाही अशा जागी बसायचं, दोन्ही हातांनी कान झाकायचे, श्वास आत घेऊन रोखायचा आणि उजव्या कानात ऐकायचं. आधी रातकिड्याचा आवाज येतो, मग बासरीचा, मेघाचा, भुंग्याचा, घंटेचा, आणखी पुढं भेरी, मृदंग, दुंदुभी. म्हणजे भुंगा इथं साधकाच्या गळ्यात नाही, तो त्याला आत ऐकू येतो, आणि तोही अनेक आवाजांपैकी एक म्हणून. हठप्रदीपिकेच्या चौथ्या अध्यायातलं नादानुसंधानही असंच ऐकण्याचं आहे. पण स्वात्मारामांनी त्याला भ्रामरी म्हटलेलं नाही. घेरंडांनी ऐकण्यालाच ते नाव दिलं. त्यांच्याच सातव्या अध्यायात मात्र सावकाश सोडलेल्या श्वासातून भृंगनाद उमटल्याचं येतं, तेव्हा दोन्ही घरांची ओळखदेख तिथंच झाली असावी.

मराठी वाचकाला हे ऐकणं परकं वाटायला नको. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे ती आली. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनात अनाहत नाद येतो. स्वात्मारामांच्या निदान दीडशे वर्षं आधी आतल्या नादाची ही गोष्ट मराठीत सांगून झाली होती.

सोयरिकीच्या खुणा आजही हातांवर दिसतात. आमच्या इथल्या वर्गात एकाच ओळीत तीन तऱ्हा बघायला मिळतात. कुणी दोन्ही तर्जन्यांनी कानाच्या भोकापुढची कूर्चेची छोटी पाळी दाबून धरतो. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या 1969 च्या पुस्तकानं घरोघर पोहोचवलेली रीत याच्या जवळची. कुणाचे अंगठे कानांवर, तर्जन्या कपाळावर आणि उरलेली तीन बोटं मिटल्या डोळ्यांवर असतात. ही रामदेवांच्या टीव्हीवरच्या शिबिरांतून शिकलेली. आणि एखादी आजी अंगठे कानांत, तर्जनी डोळ्यांवर, मधलं बोट नाकपुडीशी, अनामिका वरच्या ओठाशी आणि करंगळी खालच्या ओठाशी ठेवते. ती जुनी षण्मुखी मुद्रा, डोळे-कान-नाक-तोंड मिटून नाद ऐकण्याची, थेट नादानुसंधानाच्या कुळातली. बोटं ऐकण्याच्या घरची, गळा गुणगुणण्याच्या घरचा. दोन्ही घरची माणसं एका सतरंजीवर बसलेली असतात, आणि शिकवणाऱ्या बाई ओळीतून फिरत कानडीत ‘निधान, निधान’, म्हणजे सावकाश, सावकाश, म्हणत सगळ्यांचा श्वास लांबवत राहतात.

हातांशिवायचीही एक परंपरा आहे, आणि ती आमच्याच रस्त्यावरून महाराष्ट्रात गेली म्हटलं तरी चालेल. महादेवपुऱ्याच्या कडेनं जाणारा ओल्ड मद्रास रोड पुढं कोलार जिल्ह्यात शिरतो. त्या जिल्ह्यातल्या बेल्लूर गावी 1918 मध्ये बी. के. एस. अय्यंगार जन्मले, 1937 मध्ये ते पुण्याला आले आणि पुणेकर होऊन राहिले. त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या 1966 च्या ग्रंथात भ्रामरी दोन वाक्यांत आटोपते: सगळं उज्जायीसारखंच, फक्त श्वास सोडताना मंद गुंजारव. त्यातली काटकसर मला आवडते. स्वात्मारामांच्या श्लोकाच्या ती सर्वात जवळची आहे.

साधना ते स्वास्थ्य हा मोहरा वळला तो मात्र लोणावळ्यात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांमध्ये शरीरात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासायला घेतलं. भ्रामरी हा त्यांचा खास विषय नव्हे, पण श्वास प्रयोगशाळेत न्यायची वाट त्यांनी पाडली. हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्तीही कैवल्यधामातूनच 1970 मध्ये आली, स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांच्या संपादनाखाली. मोजमाप आणि पोथी एकाच छपराखाली सांभाळणारी अशी संस्था मराठी मुलखात उभी राहिली, याचा अभिमान वाटावा. पुढं 2015 पासून 21 जूनच्या योगदिनाच्या सरकारी आराखड्यात भ्रामरी आली आणि शाळा-कचेऱ्यांत पोहोचली.

आता शरीराचं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, घेताना वाढते. ही व्हेगस मज्जातंतूची करामत. गुणगुणायचं तर श्वास लांबवावाच लागतो. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटानं 2001 मध्ये दाखवलं, की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना असो वा योगातला मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते.

गुंजारवाचं स्वतःचं काम नाकात चालतं. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैलावतो. या पोकळ्यांची तोंडं चिंचोळी असतात, त्यामुळे आतली हवा सहसा हलत नाही. स्वीडनमधल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी 2002 मध्ये मोजलं, तेव्हा गुणगुणत सोडलेल्या श्वासात नाकातून येणारा हा वायू शांत श्वासाच्या 15 पट निघाला. नादाच्या कंपनानं हवा त्या चिंचोळ्या तोंडातून आतबाहेर ढकलली जाते.

आपल्या बेंगळुरूतच, निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत, 2011 मध्ये 12 निरोगी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून ओंकार म्हणायला लावला. त्या वेळी मेंदूच्या भावनांशी निगडित भागांची, त्यात उजव्या अमिग्डालाची, सक्रियता मंदावलेली दिसली. नुसता ‘स्स्स’ असा आवाज काढल्यावर तसं झालं नाही. तुलना म्हणून हा ‘स्स्स’ निवडणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. नाहीतर नुसता श्वास सोडण्याचं श्रेय ओंकाराला गेलं असतं. तरीही 12 माणसांचा हा प्राथमिक प्रयोग. ओंकार म्हणजे भ्रामरी नव्हे आणि नायट्रिक ऑक्साइड वाढणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे. भ्रामरीवर रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नये. कान वाहत किंवा ठणकत असेल तर तो दाबू नये, आणि बोट कानात खुपसू तर कधीच नये.

वर्गांतून जे हरवतं आहे ते ऐकणं. सात-आठ आवर्तनं लागोपाठ उरकतात आणि लगेच पुढचा प्रकार सुरू होतो. इथं शांतता मुळात दुर्मीळ: निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातलेली असली, तरी टिन फॅक्टरीच्या चौकात मध्यरात्रीही ट्रक थांबत नाहीत. घेरंडांची निर्जन जागा आपल्याला मिळणार नाही. पण झाकलेले कान ती थोडीफार देतात. आणि ऐकण्यासाठी मधे थांबण्याला मोजमापाचाही आधार आहे: लागोपाठ गुंजारव केला की नाकातल्या त्या वायूचं प्रमाण दर वेळी उतरत जातं, आणि मधे काही मिनिटं गप्प बसलं की पोकळ्या पुन्हा भरतात. म्हणून तीन-चार आवर्तनांनंतर कानांवरची बोटं तशीच ठेवावीत, आवाज बंद करावा आणि आत काय वाजतंय ते ऐकावं. मग पुढचं आवर्तन.