आकाशातलं गायरान : लाडबोरीची कडी आणि अवकाशाचा कायदा

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवून पाहा. गुढीपाडवा होता. दिवेलागणीनंतर विदर्भात, खानदेशात लोकांनी पेटते गोळे ओळीनं आकाशातून जाताना पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक कडी पडलेली सापडली. व्यास जवळजवळ तीन मीटर! आसपासच्या शिवारात पोकळ गोळेही मिळाले. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पुढे इस्रोची माणसं पाहणी करून गेली. अभ्यासकांनी मार्ग जुळवून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी अग्निबाणाचा टप्पा असावा.

ही कडी आपल्या मोहोळला, अक्कलकोटलाही पडू शकली असती. मग प्रश्न असा, की कुणाचं घर मोडलं असतं तर भरपाई कुणी द्यायची?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. १९५७ साली स्पुटनिक उडाला आणि पृथ्वीवरच्या भांडणांना वरची वाट मोकळी झाली. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अवकाशाच्या शांततामय वापरासाठी कायमची समिती नेमली. १९६७ चा अवकाश करार त्यातूनच आला. त्याचं सार आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर अवकाश हे गायरान आहे. चरायला सगळ्यांना मुभा, पण सातबारा कुणाच्याच नावावर नाही. कक्षेत अण्वस्त्रं ठेवायची नाहीत, हेही त्यात आलं. मात्र कक्षेतल्या पारंपरिक शस्त्रांबद्दल करार गप्प राहिला. ही फट लक्षात ठेवा.

भरपाईचा करार १९७२ चा. भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. त्यातला विचार आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना फार मोलाचा वाटतो. जमिनीवर नुकसान झालं, तर चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. ज्या देशानं वस्तू उडवली तो जबाबदार, बस्स. पण शेतकऱ्याला स्वतः दावा लावता येत नाही. तो त्याच्या सरकारनं मांडायचा. म्हणजे सरकार गप्प बसलं, तर शेतकऱ्याचा हक्क कागदावरच राहिला.

प्रत्यक्षात काय होतं? जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. किरणोत्सारी तुकडे हुडकत फिरावं लागलं. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, मिळाले तीस लाख. योगायोग पाहा, तो समझोताही २ एप्रिललाच झाला, १९८१ मध्ये.

वर कक्षेत मात्र नियम उलटा आहे. तिथं टक्कर झाली तर चूक सिद्ध करावी लागते. आणि तुकडा कुणाचा हेच कळलं नाही, तर चूक कुणाच्या माथी मारणार? २००७ मध्ये चीननं स्वतःचाच जुना उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. मोजता येतील असे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले.

लाडबोरीचा राग धरून आपण चीनकडे बोट दाखवतो, ते ठीकच. पण २७ मार्च २०१९ ला आपणही ‘मिशन शक्ती’त आपला उपग्रह फोडला. कक्षा सुमारे तीनशे किलोमीटरची, मुद्दाम खालची निवडली. कचरा लवकर जळावा म्हणून. तरी काही तुकडे वर उडालेच. डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे लाडबोरीनंतर आठ महिन्यांनी, असे स्फोट करू नयेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला. १५५ देश बाजूनं होते. भारत तटस्थ राहिला. नुसत्या आश्वासनापेक्षा बंधनकारक करार हवा, ही भारताची जुनी भूमिका. ती चुकीची नाही. पण बंधनकारक करार होईपर्यंत काय? गायरानात सगळे मिळून कुंपण घालतील तेव्हा मीही घालीन, असं प्रत्येकजण म्हणू लागला तर गायरान उरत नाही.

२०२४ मध्ये भारतानं जाहीर केलं, की २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करायच्या. या शब्दाचा हिशेब आपणच मागायला हवा, जसा तो इतरांकडून मागतो. लाडबोरीच्या माणसाला कडी कोणत्या देशाची, यानं काय फरक पडतो? त्याचं छप्पर शाबूत राहिलं पाहिजे.

इथं थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.